तुझ्या अहवालातल्या एका वाक्याबद्दल

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेवर तू लिहिलेल्या अहवालाचा कच्चा मसुदा मिळाला. चष्मा लावून सगळा वाचला. बाबांनाही वाचून दाखवला, ते निम्म्यात झोपले. पण ते कीर्तनातही झोपतात, तू मनावर घेऊ नकोस. लिहिलंयस चांगलं. मी अडले ती एकाच वाक्याला. ‘स्थानिक शेतकऱ्यांमध्ये पुरेशी जागृती नसल्याने अधिसूचनेला विरोध दिसून येतो.’ हे काढून टाक असं मी म्हणणार नाही, नोकरी तुझी आहे. पण ते वाक्य इथे डोंगराच्या पोटाला बसून वाचलं की कसं लागतं, तेवढं ऐकून घे.

माहिती म्हणशील तर ती आम्हाला आहे. मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत केंद्राने पश्चिम घाटासाठी अधिसूचनेचे एकामागून एक सहा मसुदे काढले. मुदत संपली की मसुदा बाद, पुन्हा नवा, पुन्हा हरकतींना साठ दिवस. मी पंचायतीत सदस्य होते तेव्हा आलेला मसुदा मी स्वतः वाचलाय. सहा राज्यांतलं मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यातलं महाराष्ट्राचं १७,३४०. खाणी, दगडखाणी, वाळूउपसा बंद. औष्णिक वीज प्रकल्प नवे नाहीत, लाल गटातले, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे, कारखाने नवे नाहीत, २०,००० चौरस मीटर आणि त्यावरची बांधकामं नाहीत. असलेल्या घराच्या डागडुजीला आडकाठी नाही. शेती बंद करा असं त्यात एका ओळीतही नाही, हेही मला माहीत आहे.

मग तरी हरकतीच्या अर्जांवर सह्या का झाल्या? कारण लोक नवा कागद वाचतात तो जुन्या कागदांच्या आठवणीवर. तुझ्या अहवालात इतिहास म्हणून दीड पान आहे आणि ते सुरू होतं २०१० साली, केंद्राने घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीपासून. आमचा इतिहास तिथे सुरू होत नाही.

१९६४ चा झाडतोडीचा कायदा घे. त्याच्या यादीत सोळा प्रकारची झाडं आहेत. साग, खैर, चंदन ठीक आहे. पण आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ हेही त्यातच. म्हणजे आपल्या बांधावर, आपल्या आज्याने लावलेला फणस वठला तरी आधी अर्ज, मग पंचनामा, मग परवानगी. कायदा वाईट हेतूने केला असं मी म्हणत नाही. पण ट्रक भरून ऐन खाली नेणाऱ्याला परवाना कसा काढायचा हे पाठ असतं, आणि घराच्या वाशासाठी एक झाड पाडणारा मात्र नाक्यावर सापडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने विनापरवाना झाड तोडण्याचा दंड १,००० रुपयांवरून ५०,००० वर न्यायचं ठरवलं. कोकणातून ओरड झाली, पुढे ते विधेयक मागे घेतलं. पण विचार कर, ज्याची वर्षाची भातविक्री तेवढी होत नाही त्याच्या कानावर हा आकडा पडला तेव्हा त्याला काय वाटलं असेल. मला विचारशील तर त्या दोन-तीन महिन्यांत इथे जेवढी झाडं घाईघाईने पडली तेवढी एरवी पडली नसती. पुढे परवानगी मिळेल न मिळेल, आत्ताच विकून मोकळे होऊ, असं म्हणत लोकांनी व्यापारी घरी बोलावले.

मग १९७५. ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वन संपादनाचा कायदा लागू झाला आणि डोंगरउताराची कितीतरी मालकीची जमीन एका दिवसात सरकारजमा झाली. कुणाच्या दारात कुणी आलं नाही. तुझ्या आजोबांना ते कळलं कितीतरी वर्षांनी, सोसायटीच्या कर्जासाठी सातबारा काढला तेव्हा. इतर हक्कांच्या रकान्यात ‘खाजगी वन’. त्यांनी तिथे वरी काढलेली, नाचणा काढलेला, मधली वर्षं जमीन पडीक ठेवलेली, म्हणजे रान वाढलेलं. वाढलेलं रान कुणी पाहिलं आणि वन लिहिलं. सगळी मिळून बारा हेक्टरच्या आत जमीन असलेल्याला ती परत द्यावी, अशी सोय त्या कायद्यात पुढे कलम २२-अ घालून केलेली आहे. आपली जमीन बारा हेक्टरच्या पासंगालाही पुरत नाही. पण कलम असणं वेगळं आणि ते कलम आपल्या फेरफारापर्यंत चालत येणं वेगळं. आजोबा गेले तेव्हा ती नोंद तशीच होती. तुझ्या धाकट्या काकाच्या हिश्शावर ती अजून आहे, आणि त्यामुळे त्याला काजूची लागवड योजनेत बसवता येत नाही.

त्यावर १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगल. सिंधुदुर्गात वनसंज्ञेचा, म्हणजे मालकीच्या जमिनी वन म्हणून नोंदण्याचा, जो घोळ झाला तो तू माझ्यापेक्षा जास्त वाचला असशील. जंगल वाचलं असेल त्याने, मी नाकारत नाही. पण त्यातून आमच्या पिढीने एक धडा घेतला, तो तुमच्या अहवालात यायला हवा: आपल्या जमिनीत झाड वाढू द्यायचं नाही. झाड वाढलं की जमीन जाते. पर्यावरणाच्या कायद्याने शेतकऱ्याला कोयता हातात घ्यायला शिकवलं, याहून उलटं काय असेल?

आता भाजावळीकडे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याकडे, येते, कारण तू तिच्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिलायस आणि ‘अशास्त्रीय’ म्हणून मोकळी झालीस. लहानपणी तू माझ्या मागे डोंगरावर यायचीस, पण तुला करवंदं आठवत असतील, काम आठवत नसेल. पौषात ऐना-किंजळाची कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायची. शेंडा राखायचा, बगलेच्या फांद्या घ्यायच्या, दरवर्षी त्याच झाडाच्या. शेंडा छाटणाऱ्याला माझी सासू शिव्या घालायची. भारे वाळले की डोक्यावरून उतरवायचे. मग तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर खाली शेण पसरायचं, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, वरून चाळल्यासारखी बारीक माती. पेटवायचं ते वारा पडलेला असताना, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे जाळ धावत नाही, धुमसत राहतो. त्या धगीने तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं, आणि पहिल्या पावसाला पेरलेला तरवा जाड काडीचा उठतो. हे सगळं बहुतेक बायांचं काम. अशास्त्रीय असेल, पण आंधळं नाही.

धूर होतो हे खरं. कुणी निष्काळजीपणा केला तर वणवा लागतो हेही खरं, गेल्या काही वर्षांत वरच्या वाडीची काजूची बाग जळली ती तशीच. त्याला दुसरी वाटही आहे. कृषी विद्यापीठाची माणसं गादीवाफे दाखवून गेली. भाताच्या चारसूत्री पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात, तेही मी बांधावर गिरिपुष्प लावून करून पाहिलं. भात चांगलं आलं. पण वाफ्यात तण इतकं की ते काढायला चार बाया लागल्या, आणि चार बाया आता वाडीत राहिल्यात कुठे? तरणी माणसं मुंबईला, मागे उरलो आम्ही गुडघे धरून उठणाऱ्या. जाळ एका सकाळी जे काम करतो ते मजुरीने करायचं तर पैसे लागतात. भाजावळ थांबवा म्हणणाऱ्याने त्या मजुरीचं काय हे त्याच ओळीत लिहिलं असतं, तर मीच वाडीत फिरून सांगितलं असतं.

आणि गाडगीळ समितीचा अहवाल, ज्याला तू फार मानतेस आणि मीही बऱ्यापैकी मानते, त्यातही एक गोष्ट अशीच आहे. ३० टक्क्यांहून जास्त उतारावर वार्षिक पिकांना उत्तेजन देऊ नये, तिथे बहुवर्षायू झाडं असावीत. मातीच्या दृष्टीने अगदी बरोबर. उतार नांगरला की पहिल्या सरींनी लाल पाणी खाली जातं, ते मी जन्मभर पाहतेय. पण वरकस उतारावर आम्ही काय लावतो? नाचणा, वरी, थोडा हरीक, कुळीथ. सगळी वार्षिक पिकं. त्याजागी काजू लावला तर हाताला पीक लागेपर्यंत मधली तीन-चार वर्षं तोंडात काय घालायचं? बरं, त्याच अहवालात हेही होतं की मातीत कार्बन धरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला द्या, रसायनं टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्याला मदत करा, आणि कुठला भाग किती जपायचा हे ग्रामसभांशी बोलून ठरवा. ऑगस्ट २०११ ला अहवाल दिला गेला आणि मे २०१२ पर्यंत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहिती आयोग आणि दिल्लीचं उच्च न्यायालय मध्ये पडलं तेव्हा बाहेर आला. तोही इंग्रजीत. तोवर इथे चहाच्या टपरीवर ठरून गेलं होतं की घराला रंग लावायलाही दिल्लीची परवानगी लागणार. अफवा मराठीत होती आणि अहवाल इंग्रजीत, मग कोण जिंकणार?

पुढे केंद्राच्याच कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून आखणी केली. गावाचं २० टक्के क्षेत्र जरी नैसर्गिक पट्ट्यात आलं तरी अख्खं गाव यादीत. आपलं गाव असंच आलं, वरचं देवराईचं आणि कड्याचं रान धरून. खालची भातखाचरं, वाड्या, शाळा, सगळं त्यात ओढलं गेलं. केरळने मात्र हट्ट धरला, गावोगाव पाहणी करून शेतीची आणि वस्तीची जमीन वगळून मागितली, आणि त्यांचं क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९३ चौरस किलोमीटरवर आलं. तिथे २०१३ मध्ये जे बंद आणि दंगे झाले ते मला पसंत नाहीत. पण सर्व्हे नंबरनिहाय पाहायला हवं, ही मागणी चुकीची होती का, ते तू मला सांग.

आता तू म्हणशील, आई, मग दरडी? तळिये विसरलीस? पोसरे विसरलीस?

नाही विसरले. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळिये आणि इकडे खेडमध्ये पोसरे, एकाच दिवशी. त्या आधी माळीण, पुढे इरशाळवाडी. त्या वर्षानंतर आपल्या वरच्या वाडीलाही दर पावसाळ्यात नोटीस येते: धोकादायक क्षेत्र, सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे. कधी येते? ऐन लावणीत. गोठ्यात जनावरं, खाचरात चिखल, तरवा उपटायला आलेला, आणि शाळेच्या खोलीत चार कुटुंबं जाऊन बसा. काही जातात, बहुतेक रात्री झोपायला जातात आणि पहाटे परत येतात. डोंगर खाली येतो तेव्हा आधी आमच्यावरच येतो, त्यामुळे डोंगर जपायला हवा हे आम्हाला कुणी पुण्यात बसून पटवून द्यायची गरज नाही. माळीणनंतर काही जणांनी तिथल्या पडकईच्या कामांकडे, म्हणजे शेतकऱ्यांनी उतारावर केलेल्या सपाटीकरणाकडेच बोट दाखवलं, त्यावर वादही झाला. आमच्याही वागण्याचा हिशोब मांडावा लागेल. मांडा. फक्त सगळ्यांचा मांडा.

कारण आपल्या समोरच्या सड्यावर काय चाललंय ते तू दिवाळीत पाहिलंस. एकाने उतार विकला, शेजाऱ्याने विकला, मग जेसीबी आला. डोंगर कापून नागमोडी रस्ता, त्याच्या कडेला टप्पे, टप्प्यावर बंगले, प्रत्येकाला पोहण्याचा तलाव. हे २०,००० चौरस मीटरच्या खूप आत बसतं. असे दहा वेगवेगळ्या नावांनी शेजारी शेजारी उभे राहिले तरी प्रत्येक जण आतच. मसुद्याने त्यातला एकही थांबणार नाही. आणि विकलं कुणी? ज्यांना वानरांनी आणि डुकरांनी नाचणा खाऊ दिला नाही, ज्यांच्या सातबाऱ्यावर नोंदी होत्या, ज्यांचं झाड परवान्यात अडकलं, त्यांनी. लहान शेतकऱ्याला नियम एवढा जाचतो की तो जमीन टाकतो, आणि ती जमीन अशा हातात जाते ज्याला तोच नियम लागू होत नाही. तुझ्या अहवालातली सगळ्यात मोठी पोकळी मला ही वाटते. डोंगरावर कसणारा माणूस टिकला तर बांध टिकतो, पाट साफ होतो, वणव्याला जाळरेषा निघते. तो गेला की डोंगर मोकळा होत नाही, विकायला काढला जातो.

राहिली माझ्या सहीची गोष्ट, कारण तुला ती यादीत सापडली असणार आणि म्हणूनच तू फोनवर जरा गप्प होतीस. हो, हरकतीच्या अर्जावर माझी सही आहे. छापील अर्ज घेऊन जी माणसं आली त्यांची गाडी मी ओळखली, खडीच्या क्रशरवर उभी असते ती. सगळ्या वाड्यांना बोलावलं, वडापाव दिला, अर्जात वर मोठ्या अक्षरात ‘शेतकरी उद्ध्वस्त होईल’ आणि खाली बारीक अक्षरात गौण खनिजाचा, म्हणजे दगडखाणीचा, मुद्दा. मला दिसत नव्हतं असं समजू नकोस. मी तो गौण खनिजाचा मुद्दा पेनाने खोडला आणि मग सही केली, माझ्यामागे रांगेत होत्या त्या बायांनीही खोडला. खोडलेले अर्ज त्यांनी पुढे पाठवले की चुलीत घातले, देव जाणे. पण दुसरा अर्ज होता कुठे? ‘दगडखाण बंद करा, सातबारा मोकळा करा’ असं एका कागदावर लिहून कुणी आलं असतं तर मी तिथे पहिली उभी राहिले असते. पर्यावरणवाले आले ते तालुक्याच्या सभागृहात, पडद्यावर बेडूक आणि फुलं दाखवून गेले. बेडूक सुंदर होते. वाडीत कुणी आलं नाही.

तेव्हा ‘जागृती नसल्याने’ ऐवजी काय लिहायचं ते तू ठरव, तुला भाषा चांगली येते. माझ्या मते अहवालात हे दोन प्रकारचे नियम निरनिराळ्या पानांवर यायला हवेत. डोंगर फोडणाऱ्यावरचे एका पानावर, तिथे तू हवी तेवढी कडक हो, बंगल्यांची मर्यादा दहापट खाली आण म्हण, मी पाठीशी आहे. डोंगर कसणाऱ्यावरचे दुसऱ्या पानावर, आणि तिथे प्रत्येक नियमापुढे त्याचा खर्च कोण भरणार याचा रकाना. तू मागे सांगत होतीस की स्वित्झर्लंडमध्ये चढ जितका उभा तितके शेतकऱ्याला जास्त पैसे देतात, कारण तिथे गवत कापणारा राहिला नाही तर डोंगराची रया जाते. आपल्याकडे तेवढे पैसे नसतील. निदान गिरिपुष्पाची रोपं, तरव्याच्या तणाची मजुरी आणि कलम २२-अ खालच्या प्रकरणांचा निकाल, एवढं तरी मागता येईल. शेवटच्याला तर पैसेही लागत नाहीत, कुणाच्या तरी टेबलावरची फाईल हलायला लागते.

एक काम आहे. ग्रामसभा बहुतेक २६ तारखेला होईल. तुझ्याकडे मसुद्याचा नकाशा असेल तर त्यावर आपले सर्व्हे नंबर टाकून मोठा छापून आण, मोबाईलवर आम्हाला दिसत नाही आणि दाखवताना प्रत्येक जण आपलाच नंबर शोधत बसतो. देवराई, वरचा झरा आणि कडा हे राखायचं, खाचरं आणि वाड्या वगळायच्या, असा ठराव मी तयार केलाय. त्यातली सरकारी भाषा तू नीट कर. विरोध होईल, क्रशरवाल्याचा मेहुणा सदस्य आहे. तू बोलायला उभी राहू नकोस, गावातल्या बायांना बोलू दे. काकाचा सातबारा आणि जुने फेरफार झेरॉक्स करून ठेवलेत, ते जाताना घेऊन जा आणि तुमच्याकडे कुणी वकील असतील तर दाखव.

बाबांचा खोकला बरा आहे. येणार त्या दिवशी सकाळची गाडी पकड, दुपारची हल्ली वरपर्यंत येत नाही.

तुझी,
आई